वरात येईपर्यंत

गाझियाबादच्या लग्नपत्रिकेवर ‘बारात स्वागत : सायं ७ बजे’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं आणि त्यावर कुणाचाही विश्वास नसतो. छापून घेणाऱ्याचा नसतो, बँडवाल्याचा नसतो, घोडीवाल्याचा तर नसतोच. त्या संध्याकाळी मेरठ रोडवरच्या एका मॅरेज लॉनमध्ये मात्र विश्वास ठेवणारी माणसं ओळीनं बसली होती. कडक इस्त्रीच्या टोप्या, दोनतीन फेटे, नऊवारीतल्या आज्या आणि पर्समध्ये अक्षतांची पुडी बाळगून असलेल्या काकू. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले हे पाहुणे साडेसहालाच हजर झाले होते. मांडववाले अजून सोफ्यांना पांढरी कव्हरं चढवत होते. सव्वाआठच्या सुमारास शेजारच्या आण्णांनी मला विचारलं, “मुहूर्त टळला काय ओ?”

टळायला तो होता रात्री दीडचा.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘पाहुणे’ असा कळवला, तेव्हा मला सुचलं ते एवढंच: लांबून लग्नाला गेलेला माणूस, लग्न चालू नसतं तेव्हा काय करतो? म्हणून मी या मंडळींच्या मागं लागून इथवर आले.

खानापूरची माणसं गाझियाबादेत कशी, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली तरुण मुलं गेल्या काही पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी घर सोडत आली आहेत. सराफाकडचे मोडीचे दागिने, कारागिराच्या पाटाखालची धूळसुद्धा गोळा करून, भट्टीत आणि तेजाबात घालून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं, ते गलाईचं काम. देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत एखाद्या बोळात विट्याकडचं, म्हणजे खानापूर तालुक्याच्या ठिकाणाकडचं, कुणीतरी भेटतंच. धंदा परमुलखात आणि लग्नकार्य मे महिन्यात गावाकडं, असा यांचा रिवाज. इथं मात्र मुलगी गाझियाबादेतच वाढलेली, मुलगा मुरादनगरजवळच्या खेड्यातला, शेतकरी घरातला. त्यामुळं या वेळी गाव इकडं आलं होतं, आणि चार दिवस आधी आलं होतं.

एक घोडी, तीन नवरदेव

उशीर हा इथं आळशीपणा नाही, हिशोब आहे. आपल्या कार्तिकी एकादशीला इकडं देवउठनी म्हणतात. त्या दिवशी देव उठले की लग्नं सुरू होतात. डिसेंबरच्या मध्याला सूर्य धनु राशीत शिरला की खरमास लागतो, तो थेट संक्रांतीपर्यंत. मधल्या पाचेक आठवड्यांत पंडितजींनी काढलेले मोजकेच दिवस चांगले. त्यांना म्हणतात साया. ‘भारी साया’ असला की जिल्ह्यातलं एकूण एक लॉन, हलवाई, बँड आणि घोडी त्या एकाच रात्री सगळ्यांना हवी असते.

घोडीवाल्याशी बोलल्यावर बराच उलगडा झाला. एका रात्रीत तो तीन नवरदेव वाहतो. पहिला सातला, दुसरा नऊला, तिसरा जेव्हा जमेल तेव्हा. पहिल्या वरातीत नवरदेवाचे मित्र पेट्रोल पंपासमोर अर्धा तास जास्त नाचले, की तिसऱ्या नवरदेवाच्या सासऱ्याचा रक्तदाब वाढतो. बँडचंही तेच, डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन चालणाऱ्या पोरांचंही तेच. शेवटचं शंभर पावलांचं अंतर कापायला तास लागतो, कारण तेवढ्यातच सगळे नाचणार असतात. कायद्यानं रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. त्यामुळं दहाच्या ठोक्याला डीजे गप्प होतो आणि ढोलवाले जोर धरतात. लॉनच्या फाटकावर ‘हर्ष फायरिंग वर्जित है’ अशी पाटी होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात आनंदानं बंदूक उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाटी लावावी लागते, यातच काय ते आलं.

पण खरा फरक वेळेचा नाहीच. इथले बहुतेक पाहुणे लग्न बघतच नाहीत! येतात, चाटच्या काउंटरवर आलू टिक्की खातात, जयमालेनंतर स्टेजवर फोटो काढतात, शगुनाचा लिफाफा देतात, जेवतात आणि निघतात. फेरे होतात मध्यरात्रीनंतर, घरच्या वीसपंचवीस पेंगुळलेल्या माणसांसमोर. आपल्याकडं पाहुण्याला काम असतं. हातात अक्षता असतात. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्या टाकत राहायचं, तोवर पाय हलवायचा नाही. एरवी कितीही भांडलेला भाऊबंद त्या दहा मिनिटांपुरता साक्षीदार असतो. ते काम काढून घेतलं की मराठी पाहुणा सैरभैर होतो. आण्णांची तगमग भुकेची नव्हती. आपण इथं नक्की कशासाठी आलोय, हे त्यांना कळेना झालं होतं.

आणि या मुलखातही पाहुणा नेहमीच असा रिकामा नव्हता. जुन्या वराती दोनतीन दिवस मुक्कामाला असत. शाळेत नाहीतर चौपालीत जनवासा, घराघरांतून गोळा केलेल्या खाटा आणि गाद्या, कुठली कुणाची हे कळावं म्हणून त्यांवर खुणा. दिवसा कुस्त्या, पत्ते. पैसेवाला असेल तर रात्री नौटंकी. वऱ्हाड अख्ख्या गावाचं असे आणि सांभाळायचंही अख्ख्या गावानं. एका रात्रीच्या भाड्याचं लॉन आलं आणि दिवस पाहुण्याच्या गळ्यात पडला.

दिवसा काय करायचं

पाहुण्याचा दिवस सगळीकडंच असा गळ्यात पडत नाही. फ्रान्सच्या ग्रामीण भागात जुन्या गढ्या भाड्यानं घेऊन लग्न करायची टूम सध्या जगभर आहे. तिथं कायद्यानं लग्न लागतं ते आधी नगरपालिकेत. चर्च नंतर, हवं तर. मग अंगणात गावातल्या सगळ्यांना मद्याचा एकेक पेला. रात्रीच्या जेवणाला निवडक मंडळी. दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं खात सगळे पुन्हा जमतात. मधल्या वेळात म्हातारे धुळीत लोखंडी गोळे फेकत पेतांकचा डाव मांडतात, बाकीचे गावचा आठवडी बाजार धुंडाळतात. तिथल्या यजमानाला ठाऊक असतं की पाहुण्याची दुपार हाही लग्नाचाच भाग आहे.

गाझियाबादचा यजमान दुपारसाठी टॅक्सी बोलावतो. अक्षरधाम, लाल किल्ला, इंडिया गेट, संध्याकाळी मॉल. सायाच्या दिवशी हे म्हणजे गाडीत बसून दुसऱ्याच्या वराती बघणं. मंडळी पहिल्या दिवशी जाऊन आली आणि खोकत परतली. नोव्हेंबरातली इथली हवा म्हणजे दुपारी चारलाच सूर्याचा तांबडा ठिपका. दुसऱ्या दिवशी टॅक्सी रिकामी परत गेली.

मग शहर पाहिलं. गाझियाबादला बघण्यासारखं काही नाही असं दिल्लीकर हटकून सांगतात. ते दिल्लीकरांनी सांगावं यात नवल नाही. १७४० साली वजीर गाझीउद्दीननं हे गाव वसवलं, तेव्हा इथं १२० खोल्यांची पक्की सराय बांधली होती. म्हणजे वाटसरू उतरवणं हाच या गावाचा जन्मापासूनचा धंदा. गाझीउद्दीननगर हे लांबलचक नाव १८६४ मध्ये रेल्वे आली तेव्हा आखडून गाझियाबाद झालं. जुन्या गावाच्या चार वेशींची नावं दिल्ली गेट, डासना गेट, सिहानी गेट आणि आता जवाहर गेट म्हणवणारी चौथी, अजून रोजच्या बोलण्यात आहेत. दूधेश्वरनाथाच्या देवळात आज्यांनी पिंडीवर दूध घातलं आणि तिथल्या महंतांची परंपरा विचारून घेतली. पश्चिमेला हिंडन नदी. १८५७ च्या मे महिन्याच्या अखेरीस तिच्या पुलापाशी बंडवाल्या शिपायांची मेरठहून आलेल्या इंग्रज फौजेशी दोन दिवस लढाई झाली. आज नदीजवळ गेलं की आधी नाकाला रुमाल लावावा लागतो, इतिहास त्यानंतर.

बायकांची दुपार तुराबनगरात गेली. लेहंगे, चुडे, गोटा-किनार, बटवे आणि ते विकणाऱ्यांचा अखंड आवाज अशा अरुंद गल्ल्यांचा हा बाजार आहे. एका काकूंनी विट्याच्या भावात घासाघीस केली. दुकानदार दमला, शेवटी “मौसीजी, आप ही बता दो” म्हणाला. लेहंगा कुणालाच घ्यायचा नव्हता, हे त्याला बाहेर पडताना कळलं.

नहर

मुरादनगरला जायची कल्पना मुलीच्या मामांची. साहिबाबादवरून मेरठच्या दिशेनं ‘नमो भारत’ ही वेगवान रेल्वे धावते. तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. ताशी १६० किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या त्या गाडीत आज्यांनी पदर घट्ट धरून ठेवला, पण शेत दिसायला लागल्यावर सगळ्यांचेच आवाज मोकळे झाले.

मुरादनगरला वरची गंगा नहर आडवी येते. तिच्या घाटाला इकडचे लोक ‘छोटा हरिद्वार’ म्हणतात, कारण पाणी हरिद्वारहूनच येतं. १८३७-३८ च्या भयंकर दुष्काळानंतर प्रोबी कॉटली या इंजिनिअरनं ही नहर आखली, १८५४ च्या एप्रिलमध्ये तिच्यात पाणी सोडलं. दरवर्षी दसऱ्यानंतर गाळ काढायला आणि डागडुजीला ती बंद करतात, साधारण दिवाळीपर्यंत. म्हणून लग्नाचे पाहुणे येतात तेव्हा नहर नुकतीच भरून आलेली असते. कडेला साखळ्या आहेत आणि त्या धरूनच बुडी मारायची. पाण्याची ओढ दिसते त्याहून पुष्कळ जास्त आहे, दरवर्षी इथं माणसं वाहून जातात. पोहता येतं म्हणणाऱ्या दोघा पोरांना मामांनी दटावून पायरीवरच बसवलं.

मी धार्मिक गप्पांची वाट बघत होते. झाल्या त्या पाण्याच्या. खानापूर-आटपाडीत पाणी आलं ते टेंभू योजनेतून. कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं पंपांनी डोंगर चढवायचं. पंप थांबला की पाणी थांबलं, आणि पंप थांबतो वीजबिलावरून. त्या माणसांपुढं आता पावणेदोनशे वर्षांपूर्वीची नदीएवढी नहर होती, जिच्यात एकही पंप नाही. नुसत्या उतारावर वाहत ती अलीगढच्याही पुढं जाते. “लाईट न्हाई, मोटार न्हाई,” आण्णा म्हणाले आणि बराच वेळ कठड्यावरून हलले नाहीत. याच पाण्यातला वाटा नळानं दिल्लीला जातो हे ऐकल्यावर एकानं लगेच विचारलं, “मग टेलच्या शेतकऱ्याला पोचतंय का?” खाली कालव्याच्या शेपटाकडची तक्रार इथंही तीच आहे, असं तिथल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यासाठी दुभाष्या लागला नाही.

कोल्हूवर

नवऱ्यामुलाच्या ताऊंनी, म्हणजे थोरल्या काकांनी, निरोप धाडला: इतक्या जवळ आलाच आहात, तर कोल्हूवर या.

यात पेच होता. या भागात मुलीकडचे लोक मुलीच्या सासरच्या गावचं पाणीदेखील पीत नाहीत. गाझियाबादचे शेजारी शर्माजी सोबत होते, त्यांनी दबक्या आवाजात तशी सूचना केली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी न जेवणारे बाप आपल्याकडंही होते, आज्यांना ते आठवत होतं. त्यावर मामांनी तोड काढली: लग्न परवा आहे, तोवर आपण नुसते शेतकरी. शर्माजी काही प्यायले नाहीत. बाकीच्यांनी उसाच्या रसाचे दोनदोन पेले रिचवले.

आपल्या गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला कोल्हू ओळखीचा वाटतो आणि तरी उलटा. कोल्हापूर-सांगलीकडं चुलवाणावर एक मोठी काहील. रस तिच्यात पडतो, तिच्यातच त्याचा गूळ होतो, मग अख्खी काहील उचलून वाफ्यात ओततात. इथं एका भट्टीवर तीन कढया ओळीनं. चिमणीकडच्या कढईत रस नुसता कोमट होतो, तिथं वरची मळी काढतात. मग मधली. अखेर थेट जाळावरची, जिथं पाक होतो. वाया जाणारी धग मागच्या कढया तापवते, त्यामुळं जळण कमी लागतं. जळण म्हणजे उन्हात वाळवलेलं चिपाड, इकडं त्याला खोई म्हणतात. मळी वर यावी म्हणून भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. ते बघून आण्णांनी मान डोलावली, कारण त्यांच्याकडंही तेच. पाक झाला का हे बघायची रीतही एकच: थेंब गार पाण्यात टाकायचा आणि गोळी वळते का ते पाहायचं. पुढं पुन्हा वाटा फुटतात. आपला गूळ साच्यात बसून रव्याचा आकार घेतो. इथं तो चाकावर, म्हणजे सपाट हौदात, लाकडी फावड्यानं घोटतात आणि गरम असतानाच हातानं भेल्या वळतात.

कारागिरानं आण्णांच्या हातात फावडं दिलं. टोपी खिशात गेली, बाह्या वर गेल्या. इथं आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं होतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबवणं अवघड होतं. तुमच्या उसाची जात कुठली? आमचा शहाऐंशी बत्तीस. ताऊ म्हणाले, आमच्याकडं शून्य दोनशे अडतीस. त्यानं या भागात साखर पिकवली, पण आता त्याला लाल सड लागते, उभा ऊस आतून तांबडा होऊन वाळतो. तुमचा ऊस किती महिन्यांचा? आडसाली अठरा महिन्यांपर्यंत, हे ऐकून ताऊंनी हुक्क्याची नळी बाजूला केली. इकडं वर्षाच्या आतबाहेर तोड होते, कारण शेत गव्हासाठी मोकळं हवं. कारखान्याची पर्ची वेळेवर आली नाही की शेतकरी ऊस कोल्हूवर आणतो. भाव कमी, पण पैसे रोख आणि शेत रिकामं. दोन्हीकडं तक्रारी सारख्याच. फक्त तिकडं उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवतं आणि इकडं लखनौचं सरकार त्याहून वरचा भाव जाहीर करतं. खरा जोर चढला तो या वादात.

खरेदीबद्दल माझं मत विचाराल तर काळपट भेली घ्या. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरचा असतो. हे तिथल्या कारागिरानंही सांगितलं आणि आण्णांनीही. ताऊंच्या घरी आम्हाला रसात शिजवलेला तांदूळ मिळाला, रसखीर. त्यावर दही घालून खातात. आज्यांना दह्याचं पटलं नाही, पण वाटी रिकामी झाली.

घेर

मुख्य घरापासून वेगळी, गुरांजवळची, पुरुषांच्या बैठकीची जागा म्हणजे घेर. खाटा, हुक्का, पत्ते. तिथं बसलेल्या म्हाताऱ्यांत एक फूफा होता आणि तो रुसलेला होता. उत्तरेकडच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या आत्याच्या यजमानांनी रुसायचंच असतं, कुणीतरी समजूत काढीपर्यंत. आपल्याकडचा रुसका जावई सगळ्यांना माहीत असल्यानं मामांनी ते काम अंगावर घेतलं आणि पत्त्यांचे दोन डाव मुद्दाम हरले.

बायकांचं आत वेगळंच चाललं होतं. त्या दिवशी भात होता. मुलाच्या आईचे भाऊ कपडे, दागिने, पैसे घेऊन येतात. बहीण पाटावर उभी राहून त्यांना ओवाळते, भाऊ तिच्या अंगावर चुनरी घालतो. आपल्याकडं मामा मुलीला बोहल्यावर आणतो, अंतरपाटामागं उभा राहतो. इकडं मामा आधीच येऊन खर्च वाटून घेतो. गाणी सुरू झाली तेव्हा आज्यांना ती कळली नाहीत, पण कुणाची टर उडवली जातेय हे मात्र लगेच कळलं.

एक गोष्ट मात्र आम्हाला बघायला मिळणार नव्हती. वरात निघून गेल्यावर नवऱ्यामुलाच्या घरी बायकाच उरत, कारण पूर्वी त्या वरातीत जात नसत. त्या रात्री त्या खोडिया करत. एकीनं नवरदेव व्हायचं, एकीनं फौजदार, एकीनं सासरा. ज्या शिव्या वर्षभर मनात ठेवल्या त्या त्या रात्री मोठ्यानं द्यायच्या. पुरुषाला प्रवेश नाही. आता बायकाही वरातीत नाचतात, लॉनवर जेवतात आणि खोडिया बहुतेक घरांतून गेलाय. ताऊंच्या पत्नी, ताईजी म्हणाल्या, नाचायला मिळतं ते बरंच झालं, पण ती रात्र गेली. मला तो सौदा तितकासा फायद्याचा वाटत नाही.

लग्नाच्या रात्रीची तोड मुलीच्या वडिलांनी काढली होती. फेरे दीडला, त्यांच्या पंडितजींच्या हातानं. पण जयमालेच्या वेळी स्टेजवर अंतरपाट धरला, विट्याहून आलेल्या गुरुजींनी माइकवर मंगलाष्टकं म्हटली आणि पर्समधल्या पुड्या सुटल्या. वरातीतली पोरं पहिल्यांदा गोंधळली, मग तीही मूठमूठ अक्षता मागायला लागली. फोटोग्राफर तेवढा वैतागला, कॅमेऱ्याच्या भिंगावर हळद-कुंकू बसलं म्हणून. आण्णांनी त्यानंतर टिक्की खाल्ली, आणि फेऱ्यांपर्यंत जागलेही.

निघताना मामांनी ताऊंना मे महिन्यातल्या लग्नाचं आमंत्रण दिलं. मुलीच्या चुलतभावाचं, गावाकडं, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा.

“दिन में?” ताऊंनी विचारलं.

“दिन में.”

“और खाना?”

“एक बजे.”

ताऊ विचारात पडले. “फिर शाम तक बाराती करेगा क्या?”

आण्णांनी यादी सुरू केली: रेणावीचा रेवणसिद्ध, द्राक्षाच्या बागा, टेंभूचं पाणी. ताऊंनी मधेच थांबवलं. मेमध्ये शेतात ऊस उभा असेल का? जुलैची आडसाली लागण असेल तर डोक्याच्या वर असेल, आण्णा म्हणाले. ताऊंनी पुतण्याला हाक मारली आणि तिकिटं दोन दिवस आधीची काढायला सांगितली.